रिकामं मोजणं

कृष्णानं सुदाम्याच्या कानशिलात लगावली.

आवाज चांगला मोठा झाला. कागदाच्या लगद्याचा हात लगद्याच्याच गालावर बसला तरी एवढा वाजेल असं मला वाटलं नव्हतं. सुदाम्याची मान एका बाजूला कलली, मुंडासं घरंगळत पायरीवर आलं आणि पोह्यांची पुरचुंडी त्याच्या मुठीतून सुटून थेट समईपाशी पडली. मागं रुक्मिणी मात्र काहीच न घडल्यासारखी शांतपणे पंख्यानं वारा घालत राहिली.

"मसूरकर," इलाहीचाचा म्हणाले, "तुझा कृष्ण दोस्ताला भेटतोय का त्याच्याकडनं हप्ता वसूल करतोय?"

आबा हसले. हसताहसता त्यांना खोकला आला, आणि मग तो बराच वेळ थांबेना. मी पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी हातानंच 'नको' म्हटलं, प्लॅस्टिकच्या खुर्चीचे हात घट्ट धरले आणि श्वास जागेवर येण्याची वाट बघत बसून राहिले.

कराडातल्या आमच्या पेठेच्या मंडळाचा मांडव होता. गणपती बसायला दोन दिवस राहिलेले. समोरून ताडपत्री सोडलेली, आत आम्ही चौघंच. माझे वडील आबा, त्यांचे शाळेपासूनचे मित्र इलाहीचाचा मुजावर, ज्यांनी देखाव्यातल्या सगळ्या देवादिकांचे कपडे गेली वीसेक वर्षं शिवले, मंडळाचा अध्यक्ष धैर्यशील, आणि मी.

धैर्यशीलनं वाकून मुंडासं उचललं, झटकलं आणि सुदाम्याच्या कललेल्या डोक्यावर जमेल तसं बसवलं.

"सर," तो म्हणाला. आयटीआयला तो आबांचा विद्यार्थी होता, त्यामुळं त्यांच्यापुढं अजून त्याचा आवाज खाली यायचा. "माझं काय म्हणणं न्हाई. मी स्वतः हाच देखावा बघत मोठा झालोय. पण परवा उद्घाटनाला प्रांतसाहेब येणारेत. त्यांच्यापुढं हे असं झालं तर…"

"तर काय, बघतील की. देव मारामारी करत न्हाईत असं कुठं लिहिलंय?" इलाहीचाचा म्हणाले.

"चाचा, चेष्टा नको ओ. तो कोल्हापूरचा स्क्रीनवाला माझ्या भरवशावर बसलाय. मोठी एलईडी भिंत आहे. उद्या संध्याकाळपर्यंत त्याला हो का न्हाई ते सांगायचंय, न्हाईतर तो दुसऱ्या मंडळाकडं जातोय."

"मग उद्या संध्याकाळी सांगू," आबा म्हणाले.

"म्हणजे तोवर झालं तर देखावा, न्हाईतर स्क्रीन. चालेल न्हवं, सर?"

"चालेल."

आबांनी हे इतक्या सहज म्हटलं, की धैर्यशीलला बरं वाटलं असावं. मी त्यांच्या बोटांकडं बघत होते. खुर्चीच्या हातावरची त्यांची पकड अजून सुटली नव्हती.

त्यांचा तो शेवटचा गणपती असणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. फुप्फुसं आकसत चालली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं आणि आबांना कुणी न सांगताच कळलं होतं. आई असती तर तिनं त्यांना मांडवाच्या धुळीत पाऊल टाकू दिलं नसतं. मला तेवढं कठोर होता आलं नाही.

देखावा चालवणारा जुना कॉम्प्युटर आषाढात बंद पडला होता. आबांनी तो मी पाचवीत असताना एका साखर कारखान्याच्या ऑफिसातून जुना म्हणून आणला आणि स्वतः त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहिला. तोवर आमच्या भागातले हलते देखावे चाकांवर आणि दोऱ्यांवर चालत. आबांनी गाड्यांच्या वायपरच्या मोटरी आणल्या, कॉम्प्युटरच्या प्रिंटर लावायच्या भोकातून तारा काढून त्यांना जोडल्या आणि कृष्ण कॉम्प्युटरच्या सांगण्यावरून हात हलवायला लागला. मंडळानं बाहेर कापडी फलक लावला, 'संपूर्ण संगणकीकृत देखावा'. आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर भरून माणसं आली. दर दोन-तीन वर्षांनी इतर देखावे करून पेठ पुन्हा सुदाम्याकडं यायची, आणि प्रत्येक वेळी तोच कॉम्प्युटर, तीच काळ्या पडद्यावरची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम, डॉस, तोच प्रोग्रॅम.

यंदा पेटी उघडली तर मदरबोर्डवर उंदरानं चिंध्या-कागद जमवून संसार थाटलेला. तारा कुरतडलेल्या.

"गणपतीच्याच माणसानं घात केला म्हणायचा," आबा फोनवर म्हणाले होते. त्यांच्या आवाजात चेष्टा होती, पण फोन ठेवायच्या आधी ते म्हणाले, "शलाका, तुझ्याकडं तो मोठा कॉम्प्युटर आहे ना?"

माझ्याकडं होता. मी पुण्यात बिल्डरांसाठी इमारतींच्या फिल्म करते; न बांधलेल्या घरांत ऊन कसं येईल, पडदे कसे हलतील ते दाखवणाऱ्या. त्यासाठी लागतं तसं ते दांडगं मशीन होतं, एका माणसाला जेमतेम उचलता येणारं. मागच्या सीटवर बसवून, त्याला पट्टा लावून मी ते कराडला आणलं.

नव्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आबांचा प्रोग्रॅम चालेना. चालला तरी ती त्याला मोटरींच्या तारांना हात लावू देईना. आतल्या बोर्डावर जुन्या प्रिंटरसाठीच्या पिना मात्र शिल्लक होत्या. मग एकच मार्ग उरला. नवं सगळं बाजूला ठेवून त्या मशीनवर थेट डॉस चालू करायची. मी ती केली. पंखे घोंघावले, आतले रंगीत दिवे लागले, आणि एवढ्या थाटानंतर काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली.

"आबा, डॉसला या मशीनमधली मेमरी दिसतच नाही. कोपऱ्यातली जराशी वापरतेय. बाकी सगळी रिकामी."

"बंगला बांधून आपण पडवीत झोपायचं म्हण की," आबा म्हणाले. "झोप येतीय ना? मग झालं."

प्रोग्रॅम चालला. आणि कृष्णानं सुदाम्याला मारलं.

"हे झालं कसं ते सांगतो," श्वास जागेवर आल्यावर आबा म्हणाले. धैर्यशील सुदाम्याची मान सरळ करत होता, इलाहीचाचा दोऱ्यानं मुंडासं टाचत होते. "हात शेवटाला पोचला की आतली पट्टी कळ दाबते, मोटर थांबते. त्याला कॉम्प्युटर लागत नाही. कॉम्प्युटर लागतो तो मधल्या थांबण्याला. सुदामा पुरचुंडी मागं लपवतो. कृष्ण बघतो. मग थांबतो. मग हात पुढं करतो. ते थांबायचं कसं? मी त्याला सांगून ठेवलंय, इतक्या हजारांपर्यंत मोज आणि मग पुढं जा."

"नुसतं मोज?"

"नुसतं. रिकामं मोजणं. लपाछपीत राज्य आलेलं पोर डोळे झाकून मोजतं ना, तसं. जुना बिचारा इमानदार होता. एक, दोन, तीन करत बसायचा. हा तुझा…" त्यांनी मशीनकडं हनुवटी केली, "हा डोळे मिटायच्या आत मोजून मोकळा. सुदाम्याला लपवायलाच वेळ मिळाला नाही."

"म्हणजे माझं मशीन जास्त हुशार आहे म्हणून मार बसला."

"हुशार कशाचं? मोजायला सांगितलं तर मोजलं. त्याला काय माहीत कशासाठी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गणित मांडलं. जुना किती वेगानं मोजायचा, नवा किती वेगानं मोजतो, तो किती पट ते काढलं आणि प्रत्येक मोजणीला तितक्या पटीनं पुन्हा पुन्हा मोजायला लावलं. ते अवघड नव्हतं. दुपारी देखावा चालू केला. सुदामा दारातून सरकत आला. पुरचुंडी पाठीमागं नेली. कृष्ण वळला. थांबला. कृष्णाचा हात पुढं आला. सुदामा थांबला. मग सुदाम्याचा हात हळूहळू पुढं, आणि पुरचुंडी कृष्णाच्या हातात. कुणी कुणाला मारलं नाही. बासरीची टेप वाजत होती. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

"येऽऽस!" धैर्यशीलनं टाळी वाजवली. "ताई, मानलं तुम्हाला."

मी आबांकडं बघितलं.

"नाही," आबा म्हणाले.

"काय नाही?"

"हा सुदामा नाही. कुरिअरवाला आहे. पुडकं दिलं, सही घेतली, निघाला."

"आबा, आकडे तुमचेच आहेत. एकही बदललेला नाही. पूर्वी जेवढा थांबत होता तेवढाच थांबतोय."

"नाही थांबत."

"बरं, वाढवू का? किती सेकंद हवेत सांगा. मी घड्याळ लावून देते, अगदी बरोबर तेवढेच होतील."

"सेकंदात नाही सांगता येणार."

"मग कशात सांगता येईल?"

मी थांबणं वाढवून दाखवलं. त्यांनी मान हलवली. कमी करून दाखवलं. पुन्हा मान हलवली. चौथ्या-पाचव्या वेळी माझा आवाज चढला. "पण चूक काय आहे ते तरी सांगा!"

"सर, चालतंय की ओ," धैर्यशील समजुतीनं म्हणाला. "पब्लिकला काय कळणारे यातलं? हात हलला, पोहे दिले, संपलं."

आबांनी त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही. वर्गात एखाद्यानं भलतीच तार जोडल्यावर बघत असतील तसं.

"धैर्यशील, त्या स्क्रीनवाल्याला ये म्हण," ते म्हणाले आणि खुर्चीतून उठायला लागले.

इलाहीचाचांनी हातातली सुई तशीच सुदाम्याच्या खांद्यात खुपसली. "मसूरकरा, टकुरं फिरलं का तुझं? पोरीनं दोन दिवस खपून जमवलंय."

"जमलेलं नाही, इलाही. तुला दिसतंय की."

चाचांनी सुई उपसली आणि सुदाम्याकडं न बघताच दोरा गुंडाळायला घेतला. त्यांनाही दिसत होतं, एवढं मला त्यावरून कळलं. आणि मलाच तेवढं दिसत नव्हतं याचा राग आला.

मी आबांना गाडीत घालून घरी आणलं. ते आतल्या खोलीत पडून राहिले. मी बाहेर पडवीत आले. जुना कॉम्प्युटर तिथंच भंगारवाल्याची वाट बघत पडला होता. माझं गणित कुठं चुकलं का, तो खरंच किती वेगाचा होता, ते आतल्या चिपवर लिहिलेलं असतं. ते वाचावं म्हणून मी तो ओढून उजेडात घेतला.

पेटीवर पुढच्या बाजूला तीन बटणं होती. एक चालू-बंदचं, एक पुन्हा सुरू करायचं. दोन्हींवर वीस वर्षांची धूळ तेलकट होऊन बसलेली, खाली कोरलेली अक्षरं स्पष्ट. तिसरं बटण मात्र झिजून गुळगुळीत झालं होतं. त्याच्या मधोमध अंगठा बसेल एवढा खळगा पडला होता, आणि खालची अक्षरं पुसून गेली होती. ती वाचायची गरज नव्हती. त्या काळच्या कॉम्प्युटरना एक बटण असायचं. दाबलं की मशीन मुद्दाम मंद चालायचं. जुने खेळ फार पळायला लागले की मुलं ते दाबत. एरवी त्याला कुणी हात लावत नसे.

मी आत गेले. आबा जागेच होते, छताकडं बघत.

"आबा, देखावा चालू असताना तुम्ही मागं बसून काय करायचात?"

"काय करायचो? लक्ष ठेवायचो. मोटर अडकली, तार निघाली तर…"

"दहाही दिवस? प्रत्येक खेळाला?"

"जबाबदारी असते."

"त्या मंद करायच्या बटणाला अंगठ्याचा खड्डा पडलाय."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपेचं सोंग घेताहेत. मग त्यांचे ओठ हलले.

"दार लोटून घे."

घरात आम्ही दोघंच होतो. तरी मी दार लोटलं.

"पहिल्या वर्षी," आबा थांबतथांबत म्हणाले, "आकडे मी घरीच बसवले होते. तुला आठवत नसेल. तुझी आई कृष्ण आणि तू सुदामा. तुम्हाला उभं करून, घड्याळ बघून बसवले. पहिल्या दिवशी मांडवात चालू केलं. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो, लोकांना आवडतंय का ते. पुढंच एक बाई बसली होती. म्हातारी. कुठल्या गावची कोण जाणे. सुदाम्यानं पुरचुंडी मागं लपवली आणि तिला रडू आलं. नुसतं पाणी नाही. हुंदके. मला कळेना. तिला काय आठवलं असेल? कुणाच्या दारात काय घेऊन गेली असेल? आणि इकडं मोजणं संपत आलेलं. आता कृष्णाचा हात पुढं येणार. तिचं अजून झालं नव्हतं, शलू. तिचं व्हायचं होतं. माझ्या हाताला ते बटण लागलं, मी दाबलं."

"आणि?"

"आणि तो थांबला. सावकाश मोजत बसला. बाईनं पदरानं डोळे पुसले, वर बघितलं. मग मी बटण सोडलं."

त्यांनी उशी जरा वर ओढून घेतली.

"पुढच्या खेळाला सगळी पोरंच होती. त्यांना थांबणं सोसेना. तेव्हा नाही दाबलं. नंतर सवयच लागली. बघायचं आणि दाबायचं. आकडे नावाला राहिले. ते कधीच बरोबर नव्हते."

"मग मला कालच का नाही सांगितलंत?"

त्यांनी मान भिंतीकडं वळवली. आबांना लाजलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"बाहेर काय लिहितात? संपूर्ण संगणकीकृत. पेपरात आलं होतं. ते वाचून पोरं आयटीआयला आली. धैर्यशील आला. त्यांना वर्गात मी सांगितलंय, कॉम्प्युटर एकदा नीट शिकवला की माणसाला हात लावावा लागत नाही. आणि मी मागं बसून अंगठ्यानं… इलाहीलासुद्धा माहीत नाही. निदान मी सांगितलेलं नाही."

मला हसू आलं. मग ते हसू भलतीकडंच जाईल असं वाटलं म्हणून मी उठले आणि धैर्यशीलला फोन लावला.

"स्क्रीनवाल्याला कळवलंस?"

"न्हाई ताई," तो म्हणाला. "फोन हातात घेऊन बसलोय. होईना."

"मग नको कळवू. देखावा होतोय."

"खरं? काय बिघडलं होतं?"

मी आबांकडं बघितलं. त्यांनी घाईघाईनं मान हलवली.

"एक सेटिंग राहिलं होतं," मी म्हणाले.

काम थोडंच होतं. माझ्या मशीनला असलं बटण नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. प्रोग्रॅममधलं सगळं मोजणं मी काढून टाकलं, माझ्या पटींसकट. त्या जागी एवढंच लिहिलं, कीबोर्डवरची कळ दाबेपर्यंत थांब. ते लिहून झाल्यावर मी मशीनकडं बघत बसले. हजारो घरांतलं ऊन एका वेळी मोजू शकणारं ते यंत्र आता काहीच मोजणार नव्हतं. कुणीतरी बोट टेकवायची वाट बघणार होतं.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी आबा मांडवामागं जाऊन बसले. मागची जागा म्हणजे एक बोळकांडी. ताडपत्री, मोटरींच्या तेलाचा वास, शेजारी जनरेटर. पाचच मिनिटांत त्यांचे ओठ निळसर दिसायला लागले. मी त्यांना धरून बाहेर आणलं. बराच वेळ ते मान खाली घालून बसले. इलाहीचाचा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"तू बस," शेवटी आबा मला म्हणाले.

"मला नाही कळणार आबा, कधी दाबायचं ते."

"देखाव्याकडं बघायचं नाही. माणसांकडं बघायचं."

"आणि?"

"आणि काय? कळतं."

"तुम्ही आयटीआयमध्ये असंच शिकवत होतात?"

"म्हणून तर निम्मी पोरं नापास व्हायची," इलाहीचाचा म्हणाले.

आबांना समोर पहिल्या रांगेत, जरा कडेला, उशी लावून खुर्ची दिली. प्रांतसाहेब आले, नारळ फुटला, आरती झाली. धैर्यशीलनं माइकवरून कराड तालुक्यातला पहिला संपूर्ण संगणकीकृत देखावा म्हणून जाहीर केलं, आणि यंदा तो अत्याधुनिक मशीनवर सादर होत आहे असंही आवर्जून सांगितलं. ताडपत्री वर गेली. बासरी सुरू झाली.

मी फटीला डोळा लावला. डावा हात कीबोर्डवर.

गर्दी बरीच होती. पुढं मुलं मांड्या घालून, मागं बाया, त्यांच्या मागं रस्त्यापर्यंत उभी माणसं. मला एवढ्या चेहऱ्यांतून काही कळेना. सुदामा दारातून आला, मोटर थांबली, मशीन थांबलं. मी अंदाजानं कळ दाबली. कृष्ण वळला. पुन्हा थांबलं, पुन्हा दाबली. सुदाम्यानं पुरचुंडी पाठीमागं नेली.

मी आबांचा चेहरा शोधला. ते मला खूण करतील, मान हलवतील, निदान डोळ्यांनी सांगतील, असं मी धरून चालले होते.

ते माझ्याकडं बघतच नव्हते. त्यांची नजर वर, सुदाम्यावर होती. लोकांमध्ये बसून, खेळ रंगलेला असताना त्यांनी तो कधी समोरून बघितलाच नव्हता, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं ते या बोळकांडीत बसून माणसांचे चेहरे बघत होते. लोकांना काय दिसतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. फाटक्या उपरण्याचा एक माणूस श्रीमंत मित्राच्या दारात उभा आहे, आणलेलं फार थोडं आहे, आणि आता ते लपवायचं कसं, एवढंच त्याच्या डोक्यात आहे.

कळीवर माझं बोट होतं. मी दाबली नाही.

बासरी चालू राहिली. मागं कुणीतरी खाकरलं. एक लहान मूल काहीतरी विचारत होतं, त्याला आईनं गप्प केलं. ताडपत्री बाजूला सारून धैर्यशीलनं आत डोकं घातलं. "ताई, अडकलं काय?"

"नाही."

"मग का हलंना?"

"मोजतंय अजून," मी म्हणाले. "जा तू."

आबा पुढं झुकले होते. तोंड किंचित उघडं. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता, तो जरासा उचलला गेला. त्यांना ते कळलंही नसावं. तळहात वर करून तो हात थोडा पुढं आला, कृष्णाच्या आधी, जणू काय दे रे, जे असेल ते दे.

मी कळ दाबली. कृष्णाचा हात पुढं झाला.

मग सुदाम्याचा. मग पुरचुंडी. समोरून टाळ्या आल्या, पण लगेच नाही. मी ताडपत्रीखालून वाकून बाहेर आले आणि गर्दीच्या कडेनं आबांपर्यंत पोचले. इलाहीचाचा त्यांच्या शेजारी उभे होते, चष्मा सदऱ्याला पुसत.

"आबा, जमलं का? मधे फार थांबले का मी?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. कुठून तरी परत आल्यासारखं.

"कुठं थांबलीस?" ते म्हणाले. "मी बघत होतो गं. माझं लक्षच नव्हतं."